जाळरेषा कोणी काढायची?

फेब्रुवारीच्या सुरुवातीला चंद्रपूरहून मूलमार्गे गडचिरोलीकडे निघालं की रस्त्याच्या कडेला जंगलात काळे पट्टे दिसतात. नवख्याला वाटतं, वणवा लागून गेला. ती जाळरेषा असते. वनखात्याचे मजूर ठरावीक रुंदीचा पट्टा साफ करतात, पालापाचोळा ओढून घेतात आणि वारा पडलेला पाहून तो पट्टा स्वतःच्या हाताने जाळून टाकतात. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आपल्याकडचा वणव्याचा हंगाम. त्याआधी हे काम उरकावं लागतं. मोहफुलं वेचायला सोपी जावीत म्हणून कुणी झाडाखालचा पाला पेटवतो, तेंदूला चांगली पालवी फुटावी म्हणून कुणी काडी लावतो, कुणी बिडीचं थोटूक टाकून निघून जातो. आग लागणारच, हे धरूनच जाळरेषा काढतात. तिच्याने आग विझत नाही, एका कक्षातली आग शेजारच्या कक्षात जात नाही इतकंच. पण जंगल वाचतं ते या ‘इतकंच’मुळे.

२०२५ च्या फेब्रुवारीत, ऐन जाळरेषांच्या दिवसांत, चंद्रपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेची बातमी आली. सुमारे ३ कोटी ७० लाख रुपये गेले होते. ग्राहकांनी आरटीजीएसने पाठवलेली रक्कम ज्याच्या नावाने पाठवली त्याला न मिळता भलत्याच, परराज्यातल्या खात्यांत जमा झाली होती. बातमी वाचून माझ्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षकांनी विचारलेला प्रश्न मला अजून आठवतो. ते म्हणाले, “यात ओटीपी कोणी सांगितला?”

कोणीच नाही. कुणा खातेदाराने भामट्याच्या बोलण्याला भुलून पैसे दिले नव्हते. बँकेच्या यंत्रणेतून पाठवणी होतानाच ते वळले. तरीही सायबर सुरक्षा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो खातेदारच, आणि कानात वाजते ती सूचना: ओटीपी सांगू नका, लिंक उघडू नका, सावध राहा. २०२५ च्या जूनपर्यंत तर कुणालाही फोन लावला की आधी अमिताभ बच्चन सावध करायचे. दवाखान्यात घाईने फोन लावणाऱ्यालाही ते ऐकून घ्यावं लागायचं. सल्ला खोटा नव्हता. पण जंगलात राहणाऱ्या माणसाला रोज ‘बिडी विझवा’ म्हणून सांगायचं आणि जाळरेषेचा निधी मात्र मंजूर करायचा नाही, असा तो प्रकार होता. माझं म्हणणं एवढंच आहे की फट ज्याला बुजवता येते, जबाबदारी त्याची. तेंदूपत्ता तोडणाऱ्या बाईला सर्व्हरची फट बुजवता येत नाही.

पुण्याच्या कॉसमॉस बँकेचं उदाहरण या बाबतीत अजूनही शिकण्यासारखं आहे. ११ ऑगस्ट २०१८. दुसरा शनिवार, बँकेला सुटी. एटीएमवर कार्ड घातलं की ‘या खात्यात पैसे आहेत का, देऊ का’ अशी विचारणा बँकेच्या मुख्य यंत्रणेकडे जाते. ही विचारणा ज्या स्विचमधून जाते तिथेच चोरांनी शिरकाव करून आपला नकली स्विच बसवला होता. प्रत्येक विचारणेला तो ‘हो, द्या’ म्हणत राहिला. बँकेच्या हिशेबाला पत्ताच नाही. २८ देशांतल्या एटीएममधून आणि भारतातल्या, अगदी कोल्हापूरच्याही यंत्रांतून काही तासांत सुमारे ८० कोटी रुपये निघाले. सोमवारी, १३ तारखेला, बँकांच्या आंतरराष्ट्रीय पाठवणीच्या ‘स्विफ्ट’ जाळ्यामार्गे आणखी १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. एकूण ९४ कोटींच्या वर. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना शिक्षा केली. ही माणसं नकली कार्डं घेऊन एटीएमवर उभी राहणाऱ्या साखळीतली. नकली स्विच ज्यांनी लिहिला ते आरोपीच्या पिंजऱ्यात नव्हतेच.

यात खातेदाराने काय करायला हवं होतं? त्याला कळायच्या आत सगळं झालं होतं. करायचं होतं ते बँकेने, आणि तेही त्या शनिवारच्या फार आधी. एटीएमचा कारभार एका कक्षात, स्विफ्टचा दुसऱ्या, कर्मचाऱ्यांचे ईमेलवाले संगणक तिसऱ्या, आणि मधे काळे पट्टे. घुसणारा एका कक्षात घुसेल; त्याला तिथेच अडकवून ठेवायचं. तज्ज्ञ याला नेटवर्कचं विभाजन म्हणतात. आपल्या वनमजुराला ते शिकवायची गरज नाही.

आता तालुक्याच्या गावी चला. गाव सांगत नाही, कारण यात त्या मुलाचा दोष नाही. एक सेतू केंद्र: सातबारा, उत्पन्नाचा दाखला, योजनांची ई-केवायसी, शिवाय आधारवरून पैसे काढून देणं. टेबलावर जुना संगणक, त्याच्या कडेला चिकटवलेल्या कागदावर सहा पासवर्ड निळ्या पेनाने लिहिलेले. दूरवरून कुणीतरी ‘प्रॉब्लेम’ सोडवायला या संगणकात शिरतो, त्याचाही पासवर्ड त्याच कागदावर. मी विचारलं, अपडेट चालू आहे का? तो हसला. “अपडेट चालू ठेवलं का सकाळीच नेट संपून जाते, भाऊ. मग दिवसभर लोकायले काय सांगू?” पडद्याच्या कोपऱ्यात सूचना झळकत होती. ‘नंतर आठवण करा’वर त्याने सवयीने टिचकी मारली, डास मारावा तशी.

तेवढ्यात एक म्हातारी आली. निराधार योजनेचे पैसे काढायचे होते. तिने यंत्रावर अंगठा ठेवला. लागला नाही. बांबू तोडून, पानं मुडपून ज्या बोटांच्या रेषाच झिजल्यात ती यंत्राला काय लागणार? “अजून एकदा लाव, माय.” चौथ्यांदा लागला. मी बघत होतो आणि माझ्या मनात एक वाईट शंका येत होती: आधीच्या तीन वेळांपैकी एखादा अंगठा ‘लागलाच’ असता आणि मुलाने नाही म्हटलं असतं, तर तिला कसं कळलं असतं? हा मुलगा तसा नव्हता, पावतीही त्याने वाचून दाखवली. पण आधारवरून पैसे काढण्यातल्या फसवणुकीची ही ठरलेली तऱ्हा आहे. दुसरी तऱ्हा, दस्तनोंदणीच्या कागदांवरचे ठसे उचलून रबरी बोटं बनवण्याची, तीही देशात अनेक ठिकाणी पकडली गेली आहे. खात्यातून पैसे गेल्याचा संदेश जातो तो मोबाइल म्हातारीचा नसतोच. तो हैदराबादेत कामाला गेलेल्या मुलाचा, किंवा केव्हाच बंद पडलेला. आणि पासवर्ड बदलता येतो, अंगठा कसा बदलणार? आधारचा अंगठा कुलूपबंद करायची सोय आहे. ती कुणाला माहीत आहे, असं त्या केंद्रात बसलेल्या आठ-दहा जणांना मी विचारलं. एकालाही नव्हती.

नियमात खातेदाराला संरक्षण आहे, हे इथे सांगितलं पाहिजे. रिझर्व्ह बँकेने २०१७ साली आधी व्यापारी बँकांना आणि मग सहकारी बँकांना बजावलं की चूक बँकेची असेल तर खातेदारावर काहीच बोजा नाही. चूक दोघांचीही नसून मधल्या यंत्रणेत असेल, तर तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास नाही. कागदावर उत्तम. पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोलीतल्या भामरागडचा संपर्क तुटतो, नेटवर्क जातं, बँक तर दूरच. तिथे पावसाळ्यातले तीन दिवस म्हणजे काय, हे परिपत्रक लिहिणाऱ्याच्या टेबलावरून दिसत नाही.

फट म्हणजे नेमकं काय, हेही एकदा सोपं करून घ्यावं. प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये लिहिणाऱ्याच्या चुका राहतात. त्यांतल्या काही अशा, की बाहेरच्याला आत हात घालता येतो. चूक सापडली की कंपनी ठिगळ काढते, त्याला पॅच म्हणायचं. ठिगळ जाहीर होतं त्याच दिवशी जगातल्या सगळ्या चोरांना फट कुठे आहे ते कळतं. तिथून पुढे शर्यत असते. विंडोजमधल्या एका फटीचं ठिगळ मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ ला दिलं. १२ मेला ‘वॉनाक्राय’ या घातक सॉफ्टवेअरने त्याच फटीतून जगभर धुमाकूळ घातला. तरी लोक जागे झाले नाहीत, म्हणून २७ जूनला ‘नॉटपेट्या’ आला. युक्रेनमधल्या एका करभरणा सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून तो शिरला आणि मर्स्क या जहाज कंपनीमार्फत थेट आपल्या उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या टर्मिनलपर्यंत पोहोचला. मर्स्कला ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. सगळ्या जाळ्याची किल्ली असलेला एकच सर्व्हर जगात शाबूत राहिला. घानामध्ये. का? तिथली वीज गेली होती म्हणून. भारनियमनात आयुष्य काढलेल्या विदर्भातल्या माणसाला या गोष्टीचं जे सुख होतं ते मुंबईकराला व्हायचं नाही.

इथे एक रास्त आक्षेप येतो, आणि तो त्या सेतू केंद्रातल्या मुलाच्या बाजूचा आहे. अपडेट म्हणजे काही तीर्थ नव्हे. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्याच सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख संगणक निळे पडले. आपल्या विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून द्यावे लागले. त्याच्या चार महिने आधी याहून भयंकर गोष्ट थोडक्यात टळली. लिनक्समध्ये सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या ‘एक्सझेड’ या छोट्या साधनात कुणीतरी दोनेक वर्षं स्वयंसेवक म्हणून राबून, विश्वास कमावून, चोरदरवाजा बसवला होता. तो सापडला आन्द्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला, आणि तोही एका क्षुल्लक गोष्टीवरून: लॉगिनला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागत होता.

ताडोबात जिप्सीतला गाइड मधेच हात वर करून गाडी थांबवतो. पर्यटकाला काहीच ऐकू आलेलं नसतं. गाइड म्हणतो, “कॉल आहे.” लांब कुठेतरी चितळ ओरडलेलं असतं, वानर खाकरलेलं असतं. वाघ दिसायच्या आधी जंगल बोलतं. फ्रॉइंडने अर्ध्या सेकंदाचा कॉल ऐकला. यंत्रणाही बोलतच असते: रात्री तीनला कोण आत आलं, कुठून आलं, कुठल्या खात्यातून किती वेळा विचारणा झाली. याच्या नोंदींना लॉग म्हणतात. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या आदेशात हे लॉग १८० दिवस जपून ठेवायला आणि हल्ला झाल्यास सहा तासांत कळवायला सांगितलं आहे. लॉग जपले जातातही. प्रश्न असा की ते ऐकायला गाइड कुठे आहे? छोट्या बँकेत, नगरपरिषदेत, जिल्हा परिषदेत ‘आयटीवाला’ म्हणून जो एक माणूस असतो तो प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढत असतो.

ऐकणारं कुणी नसलं की काय होतं, त्याचा मासला चंद्रपूरच्या अगदी जवळून गेला आहे. चंद्रपूरचं महाऔष्णिक केंद्र २,९२० मेगावॉटचं. इथून पडघ्यापर्यंत साधारण ७५० किलोमीटरची उच्चदाब एकदिश वाहिनी १९९९ पासून १,५०० मेगावॉटपर्यंत वीज मुंबईच्या दिशेने वाहून नेते. धूळ आपल्याकडे, दिवे तिकडे, हे जुनं गाऱ्हाणं आहे. ते आज नको. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई अंधारात गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. पुढे मार्च २०२१ मध्ये राज्याचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी सायबर विभागाच्या अहवालाच्या आधारे घातपाताची शक्यता सांगितली. केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चूक म्हटलं. कोण बरोबर, यावर हिरिरीने चर्चा झाली. मला त्यातली खरी काळजीची गोष्ट वेगळीच वाटते. देशाच्या आर्थिक राजधानीची वीज गेली आणि ती कशाने गेली यावर दोन सरकारांचं एकमत होऊ नये? पाऊलखुणाच इतक्या पुसट, की बिबट्या होता की कुत्रं, हेही सांगता येऊ नये?

पाऊलखुणांवरून एक तुलना सुचते, आणि ती कुणाला झोंबली तर झोंबू दे. चंद्रपूर जिल्ह्यात वाघ मेला तर पंचनामा होतो, शवविच्छेदन होतं, राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या नोंदीत तो मृत्यू चढतो, कुठलाही माणूस तो बघू शकतो. बँकेतून कोटी गेले तर काय होतं? दारावर ‘तांत्रिक अडचणीमुळे’ असा कागद लागतो. कुठली फट होती, कधीपासून होती, शेजारच्या जिल्ह्यातल्या बँकेत तीच आहे का, हे कुणाला कळत नाही. ठेवीदार घाबरतील, म्हणून लपवायचं. परिणाम असा की तीच फट वापरून तोच चोर पुढच्या जिल्ह्यात जातो. वाघांच्या मृत्यूची नोंद उघड ठेवली म्हणून ताडोबाचे पर्यटक कमी झाल्याचं मी ऐकलेलं नाही.

हे लपवणं आणखी महाग पडतं, कारण छोट्या बँकांचे सर्व्हर त्यांचे नसतातच. कंत्राटावर एखादी कंपनी ते चालवते, त्या कंपनीचं काही काम तिसरीच करते. ३१ जुलै २०२४ ला सी-एज टेक्नॉलॉजीज या अशाच कंपनीच्या यंत्रणेत खंडणीसाठी माहिती कुलूपबंद करणारं रॅन्समवेअर शिरल्याचं समोर आलं. राष्ट्रीय पेमेंट महामंडळाने तिला ताबडतोब देशाच्या जाळ्यापासून तोडलं आणि सुमारे ३०० छोट्या, मुख्यतः सहकारी आणि ग्रामीण बँकांच्या ग्राहकांचे यूपीआय, एटीएम व्यवहार ठप्प झाले. तोडलं ते बरोबरच केलं. पण ती वणवा लागल्यावर घाईने काढलेली जाळरेषा होती, आणि तशी रेषा काढताना चांगलं जंगलही जाळावं लागतं. त्या ३०० पैकी किती बँकांना आपला सर्व्हर कुणाच्या कक्षात बसलाय, याचा आधी विचार करायला कुणी भाग पाडलं होतं? निविदा काढताना सगळ्यात स्वस्त कोण, एवढाच निकष.

यावर सहकारातली माणसं म्हणतात, आमच्यासारख्या छोट्या बँकेला हे परवडत नाही. नियम कडक केलेत तर आम्ही बंद पडू आणि खेड्यातला माणूस पुन्हा सावकाराच्या दारात जाईल. हा युक्तिवाद मी हलका मानत नाही. प्रत्येक बँकेने रात्रभर लॉग ऐकणारी माणसं ठेवणं खरंच परवडणार नाही. पण प्रत्येक गावाने स्वतःचा अग्निशमन बंब तरी कुठे घेतला आहे? वाघाचा वावर असलेल्या गावांत वनखात्याने तरुणांची प्राथमिक प्रतिसाद दलं उभी केली. तीच पोरं गर्दी हटवतात, खबर देतात. दोन जिल्हे, दोन मध्यवर्ती बँका, नगरपरिषदा, जिल्हा परिषदा, गडचिरोलीत २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आणि त्याला जोडलेली महाविद्यालयं. या सगळ्यांना मिळून एक सामायिक पथक उभं करायला काय हरकत आहे? त्याने आधी मोजणी करावी. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावरचे प्राणी मोजतात तशी, किती संगणक आहेत, कुठे आहेत, कुणाचं विंडोज केव्हा संपलं. मग ठिगळं आधी दोन यंत्रांवर लावून पाहावीत, चाललं तर बाकीच्यांवर. क्राउडस्ट्राइकचं उत्तर तेवढंच आहे. ठेवींच्या मानाने यातला खर्च किरकोळ असेल. अडतं ते ‘हे माझं काम नाही’ या वाक्यापाशी.

आणि माणसाच्या भोळेपणाचं काय, असं कुणी विचारेलच. व्हॉट्सॲपवर ‘पीएम किसान यादी’ किंवा लग्नपत्रिका म्हणून येणारी एपीके फाइल उघडणारा माणूसच ना? पोलिसाच्या गणवेशातल्या भामट्यासमोर ‘डिजिटल अटके’त बसणारा शिकलेला माणूसच ना? हो. तिथे सावध करावंच लागेल, आणि सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा क्रमांक प्रत्येक सेतू केंद्राच्या भिंतीवर रंगवावाच लागेल. पण त्या चोरीचा माग काढत जा. पैसे शेवटी कुठल्या तरी बँकेतल्या खात्यात उतरतात. ते खातं कुणीतरी केवायसी करून उघडलेलं असतं, पाच-दहा हजारांत भाड्याने दिलेलं असतं. महिनोन्महिने रिकाम्या पडलेल्या खात्यात एका दुपारी चाळीस लाख येतात आणि संध्याकाळपर्यंत निघून जातात, आणि बँकेच्या यंत्रणेला त्यात काहीच वावगं दिसत नाही. पण सेतू केंद्रातल्या त्या म्हातारीचा अंगठा तीनदा नाकारण्याइतकी दक्ष यंत्रणा मात्र आपल्याकडे असते.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची ठिगळं मिळणं सर्वसाधारण वापरकर्त्यांसाठी थांबलं. दिवाळीनंतर मी पुन्हा त्या केंद्रात गेलो. संगणक तोच. निळ्या पेनाचा कागद उन्हाने फिकट झाला होता, म्हणून मुलाने पासवर्ड लाल पेनाने पुन्हा गिरवले होते. नवीन यंत्र मागितलंय, म्हणाला, फाइल वर गेली आहे. बाहेर लाडक्या बहिणींची रांग दारापर्यंत आली होती. पडद्याच्या कोपऱ्यात सूचना आली. त्याने माझ्याकडे पाहिलं, जरा ओशाळला, आणि ‘नंतर आठवण करा’ दाबलं.